शिसपेन्सिलीचं कलम

एकोणीस गावं, तीन रात्री, एकच मोह.
सतरंजी पुरली नाही म्हणून लोकांनी गोणपाटं अंथरली.
वही माझ्याकडे.
बारावी झालेली मी एकटीच तिथं,
म्हणून धीवराची पोर लिहायला बसली
जंगलाच्या महासंघाची घटना.

पहिले दोन शब्द पटकन झाले:
आम्ही एकोणीस.
"आम्ही" म्हणजे कोण, यात जेवणं थंड झाली.

बोरीचकची तीनशे चाळीस घरं.
त्यांचा ईजामसाय उसेंडी उभा राहिला,
"पान आमी ज्यादा तोडतो, त हात बी आमचे ज्यादा."
कोसमटोल्याचा रैनू हलामी, अकरा घरांचा धनी,
बसल्या जागेवरून बोलला,
"वणवा लागते तं घरं मोजून लागते का गा?"
कुणी हसलं नाही.
वणवा लागला की पहिला कोसमटोलाच धावतो,
हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या रात्री कोंबडं आरवायच्या आत
एवढं जमलं:
तेंदूच्या पैशाला घरागणिक हात,
जंगलाला हात लावायचा तर गावागणिक एक,
आणि दोन्हीकडून होकार आला तरच ठराव.
"दोन बैल दोनीकडं ओढन त नांगर जागीच राहीन,"
ईजामसाय कुरकुरला.
"राहू दे ना," रैनू म्हणाला,
"जंगल बी जागीच रायते."

गोंडीत बोलावं, मराठीत लिहावं.
दोन्हींत फरक पडला तर बोललेलं खरं.
हे पाचवं कलम. मी निमूट लिहिलं,
माझ्याच अक्षरावरचा अविश्वास, वळणदार अक्षरात.

सुक्रोबाईनं विचारलं,
घराचा हात म्हणजे घरातल्या कोणाचा?
पुरुषांना अचानक बिड्या आठवल्या.
तेही लिहिलं: जो हजर, त्याचा.
तिनं "किंवा जी" घालायला लावलं आणि मगच उठली.

तिसऱ्या रात्री सोलरचा दिवा पिवळा पडत गेला
आणि तीन गावं गोणपाटं झटकून उभी राहिली.
"मागून आलेल्या घरायले पुरा हात देसाल, त आमी निघालो."
मागून आलेली म्हणजे आम्ही.
तळ्याकाठची धीवरांची बावीस घरं, गोवाऱ्यांची नऊ.
ज्याच्या बापानं माझ्या आज्याला ती जागा दिली
तो ईजामसाय माझ्याकडे न बघता म्हणाला,
"सध्या अर्धा धरू. महासंघ त उभा होऊ दे."
रैनूनं मान हलवली.
अकरा घरांच्या रैनूनं.

लिहिणाऱ्यानं बोलायचं नसतं. मी बोलले.
"अर्धा म्हंजे कुठवर, मनगटापर्यंत का कोपरापर्यंत?"
कुणीतरी खोकललं.
दिव्याभोवतीचे किडे तेवढे पूर्ण हजर होते.

मग मी एक कलम मागितलं:
ही घटना बदलता येईल, बारा गावं म्हणतील तेव्हा.
ते सोळावर अडले.
मासळी विकणाऱ्या बाईची पोर मी,
घासाघीस मला शिकवावी लागत नाही.
चौदावर तुटलं.

सगळी कलमं निळ्या पेनानं लिहिली,
सातवं तेवढं शिसपेन्सिलीनं.
सही करताना रैनूचा अंगठा त्या ओळीवर थबकला,
त्यानं पाहिलं, मला पाहिलं,
आणि शाई उमटवून सरकला पुढे.

तालुक्याला एकोणीस झेरॉक्स काढल्या.
मशीनला पेन्सिल कळत नाही.
गावोगाव गेलेल्या प्रतींत
सातवं कलम बाकीच्यांइतकंच काळं.

मूळ वही आईच्या पेटीत आहे,
जाळ्याच्या शिशाच्या गोळ्यांखाली.
दर तेंदूच्या हंगामात ती विचारते,
"किती झाले वो?"
"नऊ."
"अन् पायजे किती?"
मी चौदा म्हणते.
ती पुडा बांधायला घेते,
सत्तर पानं, पुन्हा पुन्हा मोजून.
एकही कमी नाही.